मॉलमधील चित्रपटगृहे का बंद पडत आहेत? प्रेक्षक खरोखर कमी झाले का?

गेल्या महिन्यात मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका मॉलमध्ये जाणे झाले. मॉलचे नाव मुद्दाम देत नाही. असे मॉल आता प्रत्येक मोठ्या शहरात आहेत आणि वाचकाला आपल्या भागातला लगेच आठवेल. तळमजल्यावर औषधांचे दुकान, मोबाइल दुरुस्तीचा एक काउंटर आणि एक एटीएम, एवढेच चालू होते. सरकते जिने थांबलेले होते आणि लोक त्यांवरून साध्या जिन्यासारखे चढत होते. चौथ्या मजल्यावर चित्रपटगृहाच्या काचेच्या दाराला साखळी आणि कुलूप. आत पॉपकॉर्नचा काउंटर, त्यावरचे दरपत्रक, तिकीट तपासणाऱ्याचे उंच स्टूल, सगळे जागच्या जागी. २०१६ मध्ये ‘सैराट’ लागला तेव्हा याच दाराबाहेर रात्रीच्या खेळासाठी आम्ही पाऊण तास उभे होतो आणि तिकिटे संपल्याने तसेच परतलो होतो. सुरक्षारक्षकाला विचारले तर म्हणाला, ‘‘कधीच बंद झालं, काका. आता वर कोणी जात नाही.’’

असे का झाले, याची दोन उत्तरे सगळ्यांच्या ओठांवर असतात. करोना आणि ओटीटी. दोन्ही खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. करोना सगळ्यांना सारखाच आला आणि ओटीटीही सगळ्यांच्याच मोबाइलवर आहे. तरी याच शहरात, रेल्वेने वीस मिनिटांवर असलेल्या दुसऱ्या मॉलमधील चित्रपटगृह शनिवारी संध्याकाळी भरलेले असते. फरक चित्रपटांचा नाही, कारण दोन्हीकडे तेच चित्रपट लागत होते. फरक मॉलचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : मॉलमधले चित्रपटगृह उभे राहिले ते प्रेक्षकांच्या गरजेपेक्षा करमाफीच्या आणि मॉलच्या गरजेतून. त्याचे नशीब पहिल्या दिवसापासून इमारतीशी बांधलेले होते. इमारत खालावली की ‘सैराट’सारखा चित्रपटही त्याला वाचवू शकत नाही.

करमाफीवर उभे राहिलेले पडदे

देशातील पहिले मल्टिप्लेक्स मॉलमध्ये नव्हतेच. १९९७ मध्ये दिल्लीच्या साकेत भागातील ‘अनुपम’ या जुन्या चित्रपटगृहाचे चार पडद्यांत रूपांतर झाले आणि ‘पीव्हीआर अनुपम’ सुरू झाले. पीव्हीआर म्हणजे ‘प्रिया’ हे दिल्लीचे चित्रपटगृह आणि ‘व्हिलेज रोडशो’ ही ऑस्ट्रेलियन कंपनी. भागीदार पुढे निघून गेला, आद्याक्षरे मात्र राहिली. त्याच वर्षी १३ जूनला दिल्लीतीलच ‘उपहार’ चित्रपटगृहात आग लागून ५९ जणांचा बळी गेला. जुन्या चित्रपटगृहांतील अरुंद जिने, बंद दारे आणि जास्तीच्या खुर्च्या यांकडे कुटुंबे भीतीने पाहू लागली होती, त्या काळात हे नवे, स्वच्छ, उजळ दालन समोर आले.

महाराष्ट्रात या प्रकाराला खरा वेग आला तो २००१ पासूनच्या करमाफीमुळे. त्या वेळी तिकिटावर करमणूक कर असे आणि महापालिका क्षेत्रात बराच काळ तो ४५ टक्के होता. नव्या मल्टिप्लेक्सला पहिली तीन वर्षे हा कर पूर्ण माफ झाला आणि चौथ्या-पाचव्या वर्षी फक्त पाव कर भरायचा, अशी सवलत मिळाली. याचा अर्थ एका साध्या हिशेबात कळतो. मूळ तिकीट १०० रुपयांचे असेल तर प्रेक्षक १४५ रुपये देई. रस्त्यापलीकडचा एकपडदावाला त्यातले ४५ रुपये सरकारजमा करी. मल्टिप्लेक्सला ते तीन वर्षे स्वतःकडे ठेवता येत. प्रत्येक तिकिटामागे एवढी रक्कम सुटत असताना कोणता बिल्डर आराखड्यात चित्रपटगृह घालणार नाही?

आयनॉक्सचे पहिले मल्टिप्लेक्स २००२ मध्ये पुण्यात बंडगार्डन रस्त्यावर आले. त्याआधी २००१ मध्ये मुंबईत वडाळ्याला अ‍ॅडलॅब्सचा घुमटाकार आयमॅक्स पडदा उभा राहिला होता. पुढची काही वर्षे प्रत्येक नव्या मॉलच्या जाहिरातीत ‘मल्टिप्लेक्स’ हा शब्द असेच.

सरकारचा हेतू वाईट होता असे नाही. गुंतवणूक यावी, चांगली चित्रपटगृहे व्हावीत, हा उद्देश योग्यच होता. पण ही सवलत नवे बांधणाऱ्याला मिळाली. जुने दुरुस्त करू पाहणाऱ्याच्या वाट्याला तेवढे औदार्य आले नाही. ज्याच्याकडे दादर, परळ, लालबागमध्ये रस्त्यालगत आठशे-हजार खुर्च्यांचे चित्रपटगृह होते, तो पूर्ण कर भरत राहिला आणि ज्याने मॉलच्या चौथ्या मजल्यावर चार पडदे लावले, त्याची सुरुवातच शून्य कराने झाली. दादरचे ‘चित्रा’ मे २०१९ मध्ये बंद झाले तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. त्या बंद होण्याची एक सुरुवात २००१ मध्ये होती, हे त्या हळहळीत कोणी म्हणाले नाही.

चौथ्या मजल्यावरच का?

मॉलमधील चित्रपटगृह जवळजवळ नेहमी सर्वांत वर असते. याला दोन कारणे आहेत. पहिले बांधकामाचे. प्रेक्षागृहात मधे खांब चालत नाहीत आणि उंची दोन मजल्यांएवढी लागते. अशा पोकळ जागेवर आणखी मजले चढवणे महाग पडते, म्हणून ती शेवटच्या मजल्यावर ढकलली जाते. दुसरे कारण धंद्याचे. दुकानाचे भाडे तळमजल्यावर सर्वांत जास्त मिळते आणि वर जावे तसे उतरते. वरच्या मजल्यावर गिऱ्हाईक आपणहून चढत नाही. त्याला वर नेण्यासाठी काहीतरी लागते. ते काहीतरी म्हणजे सिनेमा आणि शेजारचे फूड कोर्ट.

सिनेमाला आलेला माणूस सरकत्या जिन्यांवरून प्रत्येक मजल्याच्या दुकानांसमोरून वर जाईल आणि तीन तासांनी त्याच वाटेने खाली येईल, हे मूळ गणित. सरकते जिने मुद्दाम असे लावलेले असतात की पुढच्या जिन्यापर्यंत जाताना अर्धा मजला फिरावा लागतो. म्हणून मॉलवाले चित्रपटगृहाला दुकानांपेक्षा कितीतरी कमी दराने जागा देतात. चित्रपटगृह हा त्यांच्या दृष्टीने गर्दी आणणारा भाडेकरू. त्याच्याकडून मिळणाऱ्या भाड्यापेक्षा त्याने आणलेली माणसे महत्त्वाची.

भाडेकरूचे हे नाते चित्रपटगृहाच्या प्रत्येक गोष्टीत दिसते. रात्री दहाला दुकाने बंद झाली की शेवटच्या खेळाचे प्रेक्षक ‘मॉलचे’ राहत नाहीत. दिवे मंद होतात, सरकते जिने थांबतात आणि चित्रपट संपल्यावर पन्नास-साठ माणसे एका लिफ्टपुढे उभी राहतात किंवा मागच्या जिन्याने तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरतात. पावसाळ्यात रात्री एक वाजता म्हाताऱ्या आईला घेऊन त्या तळघरातून बाहेर पडण्याचा रस्ता मी शोधलेला आहे. रस्त्यावरच्या जुन्या टॉकीजमध्ये दार उघडले की थेट रिक्षा असे.

इथे एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. जुन्या टॉकीजच्या आठवणी काढताना आपण ढेकूण विसरतो. फाटक्या खुर्च्या, नाक धरून जावे लागणारी स्वच्छतागृहे, तिकीटबारीवर ‘हाऊसफुल’ची पाटी आणि बाजूला ब्लॅकवाला, हेही त्याच काळातले. नव्वदच्या दशकात अनेक बायकांनी चित्रपटगृहात जाणे सोडून दिले होते. मॉलने त्यांना परत आणले. स्वच्छ स्वच्छतागृह, खुर्चीचा क्रमांक लिहिलेले तिकीट आणि मैत्रिणीबरोबर रात्री नऊचा खेळ पाहण्याइतकी निर्धास्त जागा ही मॉलची देणगी आहे. म्हणून तो मोडतो तेव्हा नुसते ‘बरे झाले’ म्हणून चालत नाही.

गाळे विकले आणि मॉल मोडला

मग मॉल मोडतो का? मुंबईत १९९९ मध्ये ताडदेव-हाजीअली परिसरात ‘क्रॉसरोड्स’ सुरू झाला तेव्हा गर्दी इतकी लोटली, की काही काळ क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल दाखवा, नाहीतर ६० रुपये प्रवेशशुल्क भरा, अशी अट घालावी लागली. तोच मॉल पुढे ‘सोबो सेंट्रल’ झाला आणि काही वर्षांत ओस पडला. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील आठ मोठ्या शहरांत २०२३ मध्ये ६४ ‘घोस्ट मॉल’ होते. आदल्या वर्षी ते ५७ होते. ज्या मॉलची ४० टक्क्यांहून अधिक जागा रिकामी आहे, त्याला हा अहवाल ‘घोस्ट’ म्हणतो. आपण भुताटकीचा म्हणू.

यामागचे सर्वांत मोठे कारण ऑनलाइन खरेदी नाही. ते मालकीच्या रचनेत आहे. २००० नंतरच्या उत्साहात अनेक बिल्डरांनी मॉल बांधले आणि त्यातले गाळे एकेकाला विकून टाकले. इमारत उभी राहण्याआधीच पैसे हाती आले आणि बिल्डर मोकळा झाला. पण मॉल ही विकून मोकळे होण्याची वस्तू नाही. कोणते दुकान कोठे असावे, कोणाला कमी भाड्यात आणावे, कोणाला काढावे, हे रोज ठरवणारा एक मालक लागतो. दोनशे गाळे दोनशे जणांचे झाले की प्रत्येक जण आपल्याला मिळेल त्या भाडेकरूला जागा देतो. कपड्यांच्या दुकानाशेजारी कोचिंग क्लास, त्याशेजारी इस्टेट एजंट आणि त्यापुढे कायमचे बंद शटर. देखभाल खर्चावरून गाळेधारकांत भांडणे सुरू होतात. खर्च थकतो, मग आधी वातानुकूलन बंद, नंतर सरकते जिने, मग लिफ्ट.

आता चौथ्या मजल्यावरच्या चित्रपटगृहाचा विचार करा. त्याचे प्रोजेक्टर उत्तम आहेत, खुर्च्या बऱ्या आहेत, पण तिथे पोहोचायला अंधाऱ्या तीन मजल्यांतून चढायचे आहे. पहिल्यांदा कुटुंबे येईनाशी होतात. मग शेवटचा खेळ रद्द होतो. मग आठवड्याचे चार दिवस दहा-बारा प्रेक्षकांवर खेळ चालतो.

याउलट ज्या मॉलच्या मालकाने गाळे न विकता भाड्याने दिले, ते मॉल टिकले आणि त्यातील पडदेही टिकले. लोअर परळचा फिनिक्स मॉल हे त्याचे ठळक उदाहरण. गिरणीच्या जमिनीवर मॉल व्हावा का, हा वेगळा आणि अजून दुखणारा प्रश्न आहे. पण मॉल चालवायचा कसा, हे त्या मालकाला कळले होते.

पीव्हीआर आणि आयनॉक्स या दोन मोठ्या कंपन्यांचे एकत्रीकरण मार्च २०२२ मध्ये जाहीर झाले आणि पुढच्या वर्षी प्रत्यक्षात आले. मे २०२३ मध्ये या एकत्रित कंपनीने सुमारे ५० पडदे बंद करण्याचे जाहीर केले. कारण देताना कंपनीने म्हटले होते, की हे पडदे तोट्यात आहेत किंवा ज्या मॉलमध्ये आहेत त्या मॉलचेच आयुष्य संपत आले असून ते सावरण्याची आशा नाही. यात ‘मॉलचे आयुष्य’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा. त्या आर्थिक वर्षात कंपनीने ८५ पडदे बंद केले, पण १३० नवे सुरूही केले. म्हणजे चित्रपटगृहाचा धंदा गुंडाळला जात नाही. तो थकलेल्या मॉलमधून नव्या मॉलमध्ये जातो आहे. आणि नवे मॉल जिथे पैसेवाला ग्राहक आहे तिथे होत आहेत. मागे राहिलेल्या उपनगराला आणि तिथल्या प्रेक्षकाला या स्थलांतरात विचारणारे कोणी नाही.

मॉल जोरात असूनही पडदे जातात, असेही घडते. कॅनडातील टोरंटो शहरात ईटन सेंटर या मॉलमध्ये १९७९ मध्ये सिनेप्लेक्स कंपनीने एकाच ठिकाणी १८ पडदे उघडले होते. तेव्हा जगभर त्याचे कौतुक झाले. चित्रपटगृहे चालवणारी कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि २००१ मध्ये ते पडदे विझले. मॉल आजही गजबजलेला आहे. आपल्याकडे वडाळ्याच्या आयमॅक्सवर आधी अ‍ॅडलॅब्सची, मग रिलायन्सच्या बिग सिनेमाजची आणि २०१४ च्या अखेरच्या सौद्यानंतर कार्निव्हलची पाटी लागली. महामारीनंतर कार्निव्हलचे ठिकठिकाणचे पडदे बंद पडत गेले. मालक बदलताना प्रत्येक वेळी पडदे ही केवळ आकड्यांतली मालमत्ता होती.

पॉपकॉर्न एवढे महाग का?

भाडेकरू असण्याचा परिणाम तिकीट आणि पॉपकॉर्न या दोन्हींवर होतो. तिकिटाचे पैसे चित्रपटगृहाला पूर्ण मिळत नाहीत. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात वाटणीवरून वाद झाला. एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत नवे मोठे हिंदी चित्रपट प्रदर्शितच झाले नाहीत. तडजोडीत ठरले, की कर वजा जाता पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि त्यापुढे ३० टक्के वाटा निर्माते-वितरकांचा. गर्दी पहिल्याच आठवड्यात असते, म्हणजे मोठी कमाई निम्मी वाटून घ्यायची. उरलेल्यात भाडे, वीज, वातानुकूलन, मॉलचा देखभाल खर्च आणि पगार.

पॉपकॉर्नच्या पैशांत मात्र निर्मात्याचा वाटा नसतो. म्हणून सगळा भार त्या कागदी बादलीवर येतो. २०२३-२४ मध्ये पीव्हीआर आयनॉक्सचे सरासरी तिकीट २५९ रुपये होते आणि प्रत्येक प्रेक्षकाचा खाण्यापिण्यावरचा सरासरी खर्च १३२ रुपये. चौघांच्या कुटुंबाला सरासरीने १,५६४ रुपये. त्यात रिक्षा आणि पार्किंग धरलेले नाही.

२०१८ मध्ये महाराष्ट्रात बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देण्यावरून मोठा गदारोळ झाला. आंदोलने झाली, विधिमंडळात घोषणा झाली आणि नंतर सरकारनेच उच्च न्यायालयात वेगळा सूर लावला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाहेरचे पदार्थ रोखण्याचा अधिकार चित्रपटगृहाला असल्याचे स्पष्ट केले, मात्र पिण्याचे पाणी मोफत दिले पाहिजे असेही सांगितले. कायद्याच्या अंगाने निकाल बरोबर असेल. पण पॉपकॉर्नचा दर हा लोभाइतकाच मॉलमधल्या खर्चाचाही परिणाम आहे, हे त्या सगळ्या भांडणात बाजूलाच राहिले.

प्रेक्षक कमी झाले का, या शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर एका दिवसाने दिलेले आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी ‘राष्ट्रीय चित्रपट दिना’निमित्त देशभरातील मल्टिप्लेक्सनी ७५ रुपयांत तिकीट दिले. त्या एका शुक्रवारी सुमारे ६५ लाख प्रेक्षक आले, असे मल्टिप्लेक्स संघटनेने सांगितले. ओटीटी त्या दिवशीही होतेच.

करोनाने जे केले ते दुबळ्यांना आधी गाठण्याचे. महाराष्ट्रात मार्च २०२० पासून ५ नोव्हेंबरपर्यंत चित्रपटगृहे बंद होती. पुन्हा एप्रिल २०२१ पासून २२ ऑक्टोबरपर्यंत. दोन्ही मिळून जवळपास १४ महिने. चांगल्या मॉलमधील पडदे यातून उठले. आधीच रिकाम्या होत चाललेल्या मॉलमधील पडद्यांना उठण्यासाठी खाली आधारच नव्हता.

मराठी चित्रपटाने काय गमावले?

मराठी चित्रपटाला पडदे मिळत नाहीत, ही तक्रार दरवर्षी होते. एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवणे बंधनकारक करण्याची घोषणा केली. वाद झाल्यावर ही वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल झाली. दुपारी बाराचा खेळ नोकरी करणारा मराठी माणूस कसा पाहणार, हे कोणी विचारले नाही.

आदेशाने पडदा मिळतो, प्रेक्षकाच्या घराजवळचा पडदा मिळत नाही. मराठी प्रेक्षक डोंबिवली, भांडुप, चिंचवड, सिडको, हडपसर अशा ठिकाणी राहतो. भाडे परवडेना म्हणून तो शहराच्या मध्यातून तिकडे सरकला. त्याच्या जवळचे एकपडदा चित्रपटगृह आधी गेले आणि आता जवळच्या साध्या मॉलमधले चार पडदे जात आहेत. उरतात ते दूरच्या चकचकीत मॉलमधले पडदे, जिथे प्रत्येक खेळाचे गणित हिंदी, इंग्रजी आणि दाक्षिणात्य चित्रपटांशी तुलना करून मांडले जाते. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायकांचे गट साड्या नेसून, ठरवून चित्रपटगृहात गेले. कोणी सक्ती केली नव्हती. चित्रपट आवडला आणि जवळ जायला जागा होती.

आमच्या शेजारच्या मावशीही त्यात होत्या. आमच्या चौथ्या मजल्यावर तेव्हा अजून खेळ होत असत. परवा त्यांनी एका नव्या मराठी चित्रपटाविषयी विचारले. मी मोबाइलवर पाहून सांगितले, दोन स्थानके पुढच्या मॉलमध्ये, दुपारी सव्वाबाराचा एकच खेळ. त्या म्हणाल्या, ‘‘मग राहू दे. ओटीटीवर येईल तेव्हा बघू.’’ कंपनीच्या नोंदीत हा प्रेक्षक ओटीटीकडे गेला, असे लिहिले जाईल.

मग काय करता येईल?

तिकिटाच्या दरावर सरकारी मर्यादा घालावी, असा एक उपाय सुचवला जातो. कर्नाटक सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये २०० रुपयांची मर्यादा घातली आणि उच्च न्यायालयाने तिला लगेच अंतरिम स्थगिती दिली. मला हा उपाय पटत नाही. खर्च तसाच ठेवून दर खाली दाबला तर चालवणारा आधी कोपऱ्यातले, कमी कमाईचे पडदे बंद करील आणि तेच आपल्याला हवे आहेत.

कराचा मार्ग जास्त सरळ आहे. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यावरील तिकिटावर तो १८ टक्केच आहे. ही १०० रुपयांची रेषा २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाची. तेव्हापासून वीज, भाडे, पगार सगळे वाढले, रेषा जागेवर आहे. सरासरी तिकीट २५९ रुपयांचे असताना शंभराच्या आत शहरात फारसे काही बसत नाही. ही मर्यादा १५० ते २०० रुपयांपर्यंत नेली तर मध्यम दराचे तिकीट ठेवणाऱ्याला खरा फायदा होईल आणि दर १९९ वर आणण्याचा मोह मोठ्या कंपन्यांनाही होईल.

दुसरी गोष्ट जागेची. २००१ ची करमाफी मोठ्या संकुलासाठी होती. आता गरज आहे दोन पडद्यांच्या, दीडशे-दीडशे खुर्च्यांच्या, तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर असलेल्या आणि रस्त्यावर दार उघडणाऱ्या चित्रपटगृहांची. डिजिटल प्रक्षेपणामुळे रिळांच्या पेट्या गेल्या, प्रोजेक्टरची खोली लहान झाली, दोन पडदे चार-पाच माणसांत चालवता येतात. एसटी आगारांच्या आणि महापालिकेच्या मंडयांच्या पुनर्विकासात अशा छोट्या चित्रपटगृहांची चर्चा अधूनमधून होते. ती निविदेत अट म्हणून यायला हवी आणि भाडे ठरावीक न ठेवता उत्पन्नाच्या टक्केवारीवर असावे, म्हणजे पडत्या महिन्यात चालवणारा बुडणार नाही. परवाना देताना पार्किंगचे निकष मॉलच्या मापाने लावले तर हे कधीच होणार नाही. रेल्वे स्थानकाजवळच्या दीडशे खुर्च्यांना चारचाकींचे तळघर कशाला हवे?

मोठ्या कंपन्या मात्र उलट दिशेने निघाल्या आहेत. नव्या पडद्यांच्या उभारणीचा खर्च जागेच्या मालकाने उचलावा, आपण फक्त चालवू, असे प्रारूप त्या आता पुढे आणत आहेत. कंपनीसाठी यात जोखीम कमी आहे. पण यामुळे चित्रपटगृह मॉलमालकावर आणखी अवलंबून राहील. ज्या मॉलचे गाळे सुटे विकले गेले आहेत किंवा विकले जाणार आहेत, तिथे चित्रपटगृहाचा परवाना देण्यापूर्वी इमारतीच्या देखभालीची दीर्घ मुदतीची हमी मागण्याची तरतूद राज्याने आताच करावी. आणि जे पडदे आधीच कुलूपबंद आहेत, त्यांचे उतरते प्रेक्षागृह दुसऱ्या कोणत्याच दुकानाला उपयोगी नाही. जिथे बाहेरून स्वतंत्र जिना आणि लिफ्ट काढता येईल, तिथे महापालिकेने ते भाड्याने घेऊन चित्रपट, एकांकिका आणि तालमींसाठी खुले करावे. आमच्या मॉलच्या मागच्या बाजूला, गल्लीत उघडणारा लोखंडी जिना आहे. आगीच्या वेळी बाहेर पडण्यासाठीचा. त्याच्या दाराला सध्या कुलूप आहे.